व्हिनीअरचा व्यापार : गॅबन व भारत

प्लायवूडची फळी अखंड दिसते, तरी ती लांकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर एकमेकांस चिकटवून केलेली असते. या पापुद्र्यासच व्यापारांत व्हिनीअर म्हणतात. ओंडका यंत्रावर फिरवीत ठेवून लांब पात्यानें सोलीत गेलें, म्हणजे पापुद्रा सलग सुटत जातो. आंतरराष्ट्रीय जकातसूचींत ओंडक्यांची नोंद ४४०३ या सदराखालीं होते, व ६ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या पापुद्र्यांची ४४०८ खालीं. हीं दोन सदरें नेहमीं एकत्र वाचावीं लागतात. तीं कां, हें झाडें लावणाऱ्या आमच्या वाचकांस कळावें, म्हणून दोन देशांच्या व्यापाराची तुलना येथें करीत आहोंत.

गॅबन हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विषुववृत्तावर वसलेला लहानसा देश आहे. त्याची बहुतेक भूमि जंगलाखालीं आहे. तेथील ओकुमे नांवाचें फिकट गुलाबी, हलकें लांकूड सोलण्यास उत्तम. फ्रेंच अमलापासून तें मुख्यतः ओंडक्यांच्या रूपानें बाहेर जाई आणि सोलण्याची मजुरी व नफा परदेशांत राही. पुढें चीन त्याचें मोठें गिऱ्हाईक झाला. २००९ च्या अखेरीस सरकारनें ओंडक्यांची निर्यातबंदी जाहीर केली व २०१० पासून ती अंमलांत आली. राजधानी लीब्रव्हीलजवळ न्कोक येथें उद्योगवसाहत उभी राहिली. परिणामीं निर्यातीचा ४४०३ चा रकाना ओस पडला व ४४०८ चा भरूं लागला.

भारताची वाट निराळी. पूर्वीं आसामच्या जंगलांतील लांकडावर प्लायवूडचे कारखाने चालत व त्यांतून चहाच्या पेट्या होत. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें कारखान्यांस शेतकऱ्यांकडून लांकूड मिळविण्याची दिशा दाखविली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मंजूर योजनेवांचून होणारी जंगलतोड थांबविली व ईशान्येकडील राज्यांतून लांकूड बाहेर नेण्यास मनाई केली. तेव्हां आंतील थरांसाठीं हरियाणांतील यमुनानगरच्या कारखान्यांची भिस्त शेतकऱ्यांच्या पॉप्लरवर व निलगिरीवर पडली. दर्शनी थरासाठीं मात्र म्यानमारचे गर्जनाचे ओंडके लागत. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनेंही ओंडक्यांची निर्यात बंद केली. मग कांहीं भारतीय कारखानदारांनीं सोलण्याचीं यंत्रें परदेशींच उभारलीं. आतां न्कोक येथें सोललेला ओकुमेचा पापुद्रा भारतांत येतो.

केवळ ४४०८ चा रकाना पाहणारास वाटेल कीं, गॅबननें तितकेंच नवें लांकूड तोडलें व भारताची मागणी तितकीच वाढली. हें अनुमान बरोबर नव्हे. पूर्वीं जें ओंडका म्हणून मोजलें जाई, त्यांतील पुष्कळसें आतां पापुद्रा म्हणून मोजलें जातें. शिवाय सोलतांना मधला दांडा व तुकडे वगळले जातात. म्हणून ओंडक्याच्या व पापुद्र्याच्या घनमीटरांची सरळ बरोबरी करूं नये. परिमाण व किंमत हीं दोन्ही पाहावीं.

यांत शेतकऱ्याचा संबंध कोठें येतो? त्याचें लांकूड बहुधा आंतील थरांत जातें. दर्शनी थराचें मोल दुसरीकडे जातें. उत्तरेकडील शेतकऱ्यांनीं चढे भाव पाहून पॉप्लरची एकदम लागवड केली. हें झाड सहा ते आठ वर्षांत तोडीस येतें. सर्वांचा माल एकाच वेळीं बाजारांत आला व या शतकाच्या आरंभीं भाव कोसळला. लागवड घटतांच टंचाई होऊन तो पुन्हां चढला.

पॉप्लर हें थंड प्रदेशाचें झाड. आपल्याकडे निलगिरी होते, पण धडा तोच. सर्व झाडें एकाच वर्षीं लावूं नयेत, टप्प्याटप्प्यानें लावावींत. उभें झाड अंदाजानें विकूं नये. घेराप्रमाणें प्रत लावून व प्रत्यक्ष वजन करून विकावें. तोडणीपूर्वीं परवानगीचे नियम पाहावे. गॅबन सरकारला एका हुकुमानें ओंडक्यांची वाट बंद करतां आली. विखुरलेल्या शेतकऱ्यांस तें शक्य नाहीं. त्यांनीं निदान एकत्र विक्री करावी व जमल्यास सोलण्याचें यंत्र सहकारानें चालवावें. ओंडक्याच्या व पापुद्र्याच्या किमतींतील अंतर कोणाच्या हातीं पडावयाचें, हें त्यावरच ठरेल.