मोटार वर काढण्याआधी

पुण्या-मुंबईची मंडळी अमेरिकेत घर बघायला जातात तेव्हा जाहिरातीत 'प्रायव्हेट वेल' दिसलं की पुढच्या घराकडं वळतात. परभणीकर मात्र तिथं थांबतो. बोअर, केसिंग, पाणबुडी मोटार, केबल हे सगळं लहानपणापासून बघितलेलं असतं. शिवाय गावाबाहेर अशा घरांना जागा ऐसपैस मिळते आणि महिन्याचं पाण्याचं बिल येत नाही. अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक, म्हणजे साधारण सात-आठातला एक माणूस, घरच्या विहिरीचं पाणी पितो. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. फक्त गावाकडचं शहाणपण इथं नेमकं कुठं चालतं आणि कुठं फसवतं, ते आधी समजून घ्यावं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू हॅम्पशायर अशा ठिकाणी विहिरीच्या घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी कुटुंबांशी बोलून हे लिहिलं आहे. त्यातली काही आपल्याच जिंतूर-सेलू-गंगाखेडकडची आहेत.

सगळ्यांनी एकच गोष्ट आधी सांगितली. नळाला पाणी आलं नाही की परभणीकराच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "मोटार जळाली." फोनवर सेलूहून बाबाही तेच म्हणतात, "पोरं बोलव, मोटार काढ वर." गावाकडं हे बरोबरच असतं. तिथं थ्री फेजमधला एक फेज जातो, व्होल्टेज पडतं, किंवा रात्री लाईट आली की सगळ्या शिवारातले ऑटोस्विच एकदम मोटारी सुरू करतात आणि डीपीवर लोड येतो. वायंडिंग जळायला एवढं पुरतं. मोटार वर काढायची, परभणीला किंवा मानवतला रिवायंडिंगला टाकायची, दोन दिवसांत परत सोडायची, हा खेळ प्रत्येक उन्हाळ्यात ठरलेला.

इथं वीज सिंगल फेज, २४० व्होल्टच्या आसपास आणि बहुतेक वेळ स्थिर असते. घरची मोटार अर्धा ते दीड एचपीची. ती दहा-पंधरा वर्षं सहज चालते, आणि जळाली तर रिवायंडिंग कुणी करत नाही, सरळ नवीन टाकतात. मोटार ओढायला माणसं आणि गाडी आली की खर्च हजार डॉलरच्या पुढं गेलाच म्हणून समजा. बिघाड मात्र बहुतेक वेळा जमिनीच्या वरच, तळघरातल्या निळ्या किंवा करड्या टाकीच्या आसपास सापडतो. म्हणून तपासणी वरून खाली करायची, आणि मोटारीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

ती टाकी ही नवी गोष्ट आहे. आपल्याकडं मोटार पाणी गच्चीवर चढवते आणि पुढचं काम उतार करतो. नळापेक्षा वीस फूट उंच टाकी असली तरी दाब नऊ पीएसआयसुद्धा भरत नाही, कारण एक पीएसआय म्हणजे २.३१ फूट पाण्याची उंची. इथं गच्चीवर टाकी नाही, पण नळाला ४० ते ६० पीएसआय दाब असतो. ६० पीएसआय म्हणजे जवळजवळ १४० फूट उंच टाकीचा दाब. तो येतो दाबलेल्या हवेतून. प्रेशर टँकच्या आत रबराचा फुगा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. मोटार पाणी कोंबते, हवा दबते, दाब ६० झाला की प्रेशर स्विच मोटार बंद करतो. तुम्ही नळ सोडला की ती हवा पाणी बाहेर ढकलते, दाब ४० वर उतरला की मोटार पुन्हा सुरू. जुन्या घरांत हेच आकडे ३० आणि ५० असतात.

हे एवढं डोक्यात बसलं की निम्मी दुरुस्ती आली. टाकी नावाला ४४ गॅलनची असली तरी दोन टोकांच्या मधलं वापरायचं पाणी साधारण चौथा हिस्साच असतं. बाकी जागा हवेची. ती हवा कमी झाली किंवा फुगा फाटला, की टाकी पाण्यानं भरून जाते, दाबायला काही उरत नाही आणि मोटार दर काही सेकंदांनी चालू-बंद व्हायला लागते. तळघरातून टक-टक-टक असा आवाज येतो, शॉवरचं पाणी लाटांसारखं कमी-जास्त होतं. मोटारीला मारणारं अमेरिकेतलं एक मोठं कारण हेच. सुरू होताना मोटार कितीतरी पट जास्त करंट ओढते, म्हणून एकदा सुरू झाली की निदान मिनिटभर तरी चालावी. जिंतूरकडचे एक काका म्हणाले, "गावाकडं मोटार जास्त चालून मरायची, इथं थोडी-थोडी चालून मरते."

टाकी तपासणं सोपं आहे. टाकीच्या डोक्यावर गाडीच्या टायरसारखा हवेचा वॉल असतो. त्याची पिन दाबा. हवेऐवजी पाणी आलं तर फुगा फाटला, टाकी बदलायची. हवा आली तर आधी ब्रेकर बंद करा, खालचा नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी करा आणि मगच टायरच्या गेजनं हवा मोजा. मोटार सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा ती दोन पीएसआय कमी हवी. म्हणजे ४०-६० चा स्विच असेल तर ३८, ३०-५० चा असेल तर २८. कमी भरली तर सायकलच्या पंपानं भरता येते. पाणी भरलेलं असताना मोजलेला आकडा खोटा असतो. नवीन माणूस नेमका इथंच फसतो.

आता स्विच. राखाडी रंगाची छोटी डबी, जाड पाइपाला पाव इंची नळीवर बसवलेली. झाकण काढण्याआधी पॅनलमधला मोटारीचा डबल पोल ब्रेकर पाडा आणि टेस्टरनं तपासा. दोन्ही तारांत वीज असते, एकीवर भरवसा ठेवून हात घालू नका. आत स्प्रिंगांखाली कॉन्टॅक्ट दिसतील. ते काळे पडलेले, खड्डे पडलेले असतील तर स्विच बदलायची वेळ झाली. कधी-कधी कॉन्टॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्या सापडतात. हे कुणाला खरं वाटत नाही, पण इथल्या पंपवाल्यांचा हा रोजचा अनुभव आहे. उबेला आलेल्या मुंग्या कॉन्टॅक्टच्या मधे सापडतात आणि घरभर पाणी बंद. दुसरं, ती पाव इंची नळी लोखंडाच्या गंजानं बुजते. मग पाइपातला दाब स्विचला कळतच नाही, मोटार सुरू होत नाही किंवा बंदच होत नाही. दाबाचं गेजही असंच अडकतं, म्हणून काट्यावर आंधळा विश्वास नको. स्विच महाग नसतो. एवढ्यावर काम भागलं तर मोठा खर्च वाचला.

स्विच आणि टाकी ठीक असतील तर भिंतीवर कंट्रोल बॉक्स आहे का बघा. असेल तर मोटार तीन तारांची, आणि तिचा स्टार्ट कॅपॅसिटर व रिले या बॉक्समध्ये आहेत. कॅपॅसिटर फुगलेला, तेल गळालेला दिसला, किंवा मोटार घूं-घूं करून ब्रेकर पडत असेल, तर दोषी तोच असण्याची शक्यता मोठी, आणि तो जमिनीच्या वर आहे. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हे लक्षात असू द्या. बॉक्स नसेल तर मोटार दोन तारांची, सगळं आतच.

तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर बरंच काही कळतं. करंट शून्य म्हणजे वीज पोचतच नाही किंवा तार तुटली. नेहमीपेक्षा खूप जास्त म्हणजे मोटार अडकली किंवा कॅपॅसिटर गेला. नेहमीपेक्षा कमी आणि पाणीही नाही, म्हणजे मोटार कोरडी फिरते आहे किंवा आतला जोड तुटला. म्हणून सगळं सुरळीत असतानाच करंटचा आकडा मोजून टाकीवर मार्करनं लिहून ठेवा. बिघडल्यावर 'नेहमीचा' किती होता ते कुणाला आठवत नाही.

कुणी पाणी वापरत नसताना मोटार रात्री मधूनच सुरू होत असेल तर टाकीच्या पुढचा, घराकडं जाणारा वॉल बंद करून गेजकडं बघत बसा. काटा स्थिर राहिला तर गळती घरात आहे, बहुधा संडासाच्या टाकीत. काटा उतरत गेला तर पाणी परत विहिरीत जातंय, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा चेक वॉल गेला किंवा आतल्या पाइपाला भोक पडलं. फुटवाल गळून मोटारीत पाणी भरण्याची आपल्याकडची कटकट ज्याला आठवते त्याला हे सांगावं लागत नाही. पाइप वर काढावा लागणार असेल तर तो अशा वेळी.

नळातून हवा आणि पाणी फुस्-फुस् करत येऊ लागलं, की मात्र परभणीकराचं ज्ञान इथल्या शेजाऱ्यांपेक्षा पुढं जातं. पातळी खाली गेली, हे त्याला वासानं कळतं. आपल्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे, आणि त्यात पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून एका शेतात बोअरला पाणी आणि बांधापलीकडं कोरडा धुरळा. न्यू हॅम्पशायरच्या ग्रॅनाइटमध्ये, न्यू जर्सीतल्या हंटरडनच्या खडकात हिशेब वेगळा नाही. फरक हा, की इथं पाणाड्याच्या नारळावर अवलंबून राहावं लागत नाही. विहीर खोदणाऱ्यानं राज्याकडं दिलेली नोंद बहुतेक वेळा मिळते. खोली, केसिंग, पाण्याची पातळी, मिनिटाला किती गॅलन, सगळं त्यात असतं. घर घेण्याआधी ती मागा.

सहा इंची बोअरमध्ये एका फुटाला दीड गॅलन पाणी मावतं. पाण्याचा उभा स्तंभ २०० फूट असेल तर तीनशे गॅलन, हजार लिटरांच्या वर, बोअरमध्येच साठलेलं. भेगांतून मिनिटाला गॅलनभरच येत असलं तरी यावर घर चालतं, पण आईवडील सुट्टीला आले, चार जणांच्या आंघोळी, कपड्यांचं मशीन आणि गवताला पाणी एका सकाळी आलं, की मोटार हवा ओढते. बाबांना टँकरच्या रांगा आठवतात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलेलं २०१६ आठवतं, ते पाणी जपून वापरतात. नातवंडांना ते सांगू द्या. शिवाय कोरड्या फिरण्यापासून मोटार वाचवणारं उपकरण कंट्रोल बॉक्सजवळ बसवून घ्या.

वीज गेली की पाणी गेलं, हे इथं अक्षरशः खरं आहे, कारण गच्चीवर टाकी नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीतल्या विहिरीच्या घरांत कितीतरी दिवस नळ कोरडे होते. वादळाची बातमी आली की बाथटब भरून ठेवा. जनरेटर घेणार असाल तर तो २४० व्होल्ट देणारा हवा, आणि ट्रान्सफर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. घरातून उलटी वीज लाईनवर गेली तर तिकडं खांबावर लाईनमन असतो. पूर आला आणि विहिरीचं तोंड पाण्याखाली गेलं, तर तपासून घेतल्याशिवाय मोटार चालू करू नका.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. बोअरमधून घराकडं जाणारा पाइप गोठण-रेषेच्या खाली पुरलेला असतो. उघडा स्विच आणि टाकी तेवढी उबेत हवी.

पाण्याच्या तपासणीचं मात्र मनावर घ्या, कारण घरच्या विहिरीवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पाणी-कायदा लागू होत नाही. नगरपालिकेचा माणूस येणार नाही, पत्र येणार नाही. वर्षातून एकदा निदान जिवाणू आणि नायट्रेट तपासावं. भारतात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, इथं १०. बघून घाबरायला होतं, पण मोजण्याची पद्धत वेगळी आहे, इथं फक्त नायट्रोजन मोजतात. दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच. न्यू जर्सीत घर विकताना विहिरीची तपासणी कायद्यानं सक्तीची आहे, २००२ पासून. त्या भागातल्या खडकात आर्सेनिक आहे, आणि तिथली मर्यादा केंद्राच्या १० ऐवजी ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आर्सेनिकला चव नसते, वास नसतो, आणि उकळल्यानं ते जात नाही. पांढरा थर बसवणाऱ्या कठीण पाण्याची आपल्याला सवय आहेच. सडक्या अंड्याचा वास आणि नारिंगी डाग मात्र नवे वाटतील. त्यांचा त्रास मोठा असतो, धोका सहसा तेवढा नसतो.

एवढं करून मोटारच गेली असं दिसलं, तर पंपवाल्याला फोन करताना विहिरीची खोली, मोटार किती तारांची आणि किती एचपीची, गेजचा आकडा, करंट आणि स्विच-टाकी तपासून झाली आहे, हे एका दमात सांगा. काही राज्यांत हे काम परवानाधारकानंच करायचं असतं, तेव्हा परवाना विचारा. मोटार वर येतेच आहे तर केबल आणि चेक वॉलही त्याच फेरीत बदलून घ्या, कारण खर्च ओढण्याचा असतो. आणि जुनी मोटार कितव्या फुटावर होती ते त्याच्याकडून लिहून घ्या.