नकाशातून निसटलेला तालुका

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी तळाशी, गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेला लागून, दोडामार्ग तालुका आहे. राज्यातील सर्वांत दक्षिणेकडचा तालुका तो हाच. तेथील एका शाळेत भूगोलाचा तास चालू आहे, अशी कल्पना करा. भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच टांगलेला आहे. गुरुजींनी आपला संगणक त्याला जोडला आणि महाराष्ट्राचा नकाशा पडदाभर उमटला. मुले हरखून गेली. पहिल्या बाकावरील एक मुलगी मात्र नकाशाकडे टक लावून पाहत राहिली. थोड्या वेळाने ती उठून म्हणाली, "गुरुजी, यात आपला तालुकाच नाही!"

ती म्हणत होती ते खरेच होते. नकाशाची खालची कड पडद्याबाहेर गेली होती आणि तिच्याबरोबर दोडामार्गही गेला होता. वर उत्तरेस नंदुरबारकडील सातपुड्याचा माथा कापला गेला होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून दुसरी तक्रार आली. गावांची नावे पुसट दिसत होती. तांबड्या अक्षरांतील नावे तर मुळीच लागत नव्हती. संगणकाच्या स्वतःच्या लहानशा पडद्यावर मात्र नकाशा पूर्ण होता आणि अक्षर न् अक्षर रेखीव होते. मग वाटेत झाले तरी काय?

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दूरचित्रवाणीचा पडदाही अशाच ठिपक्यांचा बनलेला असतो. हे ठिपके म्हणजेच पिक्सेल. 'फुल एचडी' म्हणविणाऱ्या संचात एका ओळीत 1,920 ठिपके आणि अशा 1,080 ओळी असतात. म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके. यांपैकी प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता, हे संगणक संचाला सांगत असतो, आणि तेही बहुधा सेकंदाला साठ वेळा. प्रत्येक रंग आपापल्या ठिपक्यावर जाऊन बसला, की चित्र जसेच्या तसे उमटते. परंतु संचाने ते चित्र थोडेसे जरी ताणले, तरी एका ठिपक्याचा रंग दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो आणि दोघांत वाटून द्यावा लागतो. बारीक रेघ मग फिसकटलेली दिसते. ताणलेल्या चित्राच्या कडाही चौकटीबाहेर जातात. वर्गात नेमके हेच घडले होते.

दोष केबलचा नव्हता. शाळेच्या कपाटात पंधरा टाचण्यांची, निळ्या टोकाची व्हीजीए केबल होती. ती पद्धत 1987 सालची. तिच्यातून चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपाने जाते आणि कोणता ठिपका कोठे सुरू होतो, याचा अंदाज संचाला बांधावा लागतो. गुरुजींनी ती न घेता एचडीएमआय केबल जोडली होती. या पद्धतीचे पहिले नियम 2002 साली प्रसिद्ध झाले. तिच्यातून चित्र अंकांच्या रूपाने जाते. अंक नीट पोहोचले, तर महागड्या केबलने चित्र अधिक सुंदर होत नाही. दुकानदार काहीही म्हणोत! मात्र 'फोर-के' संचाचे ठिपके चौपट, म्हणजे 82,94,400 असतात. तेथे तेवढा वेग पेलणारी केबलच लागते.

मग संच चित्र ताणतो कशासाठी? याचे मूळ जुन्या काळात आहे. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा संचांत काचेची मोठी नळी असे. विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा संचाचे भाग जुने झाले, की चित्राचा आकार बदले आणि कडेला काळी पट्टी दिसू लागे. यावर कारागिरांनी साधी युक्ती काढली. चित्र पडद्याहून किंचित मोठेच पाडावयाचे, म्हणजे त्याच्या कडा चौकटीआड झाकल्या जातात. कार्यक्रम करणारेही महत्त्वाचा मजकूर कडेपासून दूर ठेवीत. पुढे नळी गेली. सपाट पडद्यातील ठिपके जागचे हलत नाहीत, तेव्हा ताणण्याचे कारण उरले नाही. तरी कित्येक संचांत ती सवय राहून गेली. चित्रपट पाहताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. नकाशा लावला, की तालुका हरवतो.

गुरुजींनी प्रथम संगणकाकडूनच चित्र लहान करून पाहिले. दोडामार्ग दिसू लागला खरा, पण अक्षरे अधिकच पुसट झाली. ते होणारच होते. संगणकाने आवळलेले चित्र संच पुन्हा ताणीत होता! मग त्यांनी तो उपाय मोडला, संगणकाला 1,920 गुणिले 1,080 हेच माप ठरवून दिले आणि रिमोट हाती घेतला. चित्राच्या आकाराच्या यादीत चित्र न ताणण्याचा पर्याय असतो. त्याचे नाव संचागणिक वेगळे. कोठे 'जस्ट स्कॅन', कोठे 'स्क्रीन फिट', तर कोठे 'फुल पिक्सेल'. तो निवडताच नकाशा चारही कडांनी चौकटीत येऊन बसला. काळी अक्षरे स्वच्छ झाली.

तांबडी अक्षरे मात्र अजून फिसकटलेलीच होती. त्याचे कारण निराळे होते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातील बारीक फरक चटकन कळतो, रंगातील तितका कळत नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीत पुष्कळदा शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच रंग दिला जातो. चेहरा किंवा डोंगर पाहताना ही काटकसर जाणवत नाही. हिरव्या भूमीवरील तांबडे अक्षर मात्र तिच्यामुळे बिघडते. गुरुजींनी ज्या खाचेत केबल लावली होती, तिला संचाच्या यादीतून 'पीसी' असे नाव दिले. पुष्कळ संच हे नाव पाहून प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्र ठेवतात.

अक्षरांभोवती एक पांढुरकी कड उरली होती. ती 'शार्पनेस' नावाच्या सोयीची करणी. नावाप्रमाणे ती चित्र धारदार करते असे वाटते; प्रत्यक्षात ती रेघांना खोटी किनार लावते. गुरुजी तिचा आकडा कमी करीत गेले आणि किनार नाहीशी होताच थांबले.

पहिल्या बाकावरील मुलीने पुढे होऊन नकाशाच्या तळाशी बोट ठेवले. शेवटच्या बाकावरील मुलगा जागेवरूनच खालून वर नावे वाचू लागला, "दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली..."