जळीत ऊस, विजेची तार आणि कोर्टातला पुरावा



हंगामात पाचट वाळले की फडाला आग लागल्याच्या तक्रारी येतात. सभासद म्हणतो, "तारा एकमेकींवर आदळल्या, ठिणगी पडली नि ऊस गेला." वीज कंपनीचा माणूस म्हणतो, "कोणीतरी बांध पेटवला असेल." खरे काय, हे भांडून ठरत नाही. ते तपासायचे काम विजेच्या इंजिनिअरचे आहे. नुकसानभरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्या अहवालावर ठरते.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६२ प्रमाणे शासन विद्युत निरीक्षक नेमते. विजेच्या अपघाताची खबर व चौकशी कलम १६१ मध्ये आहे. जुन्या १९१० च्या कायद्यातही अशी तरतूद होती. तज्ज्ञाचे मत कोर्टात पुरावा म्हणून घेतले जाते. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली आहे. मात्र नुसते मत चालत नाही, त्यामागची कारणे कोर्ट तपासते.

निरीक्षक काय पाहतो? तारांना झोळ किती, खांब कलला आहे का, आणि तार जमिनीपासून किती उंच. १९५६ च्या नियमांत शेतातून जाणारी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार किमान ४.६ मीटर उंच हवी असे होते. तारा आदळल्या असतील तर दोन्ही तारांवर समोरासमोर खड्डे पडतात. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळते, त्याचे तापलेले कण खाली पाचटावर पडतात. मोटारीच्या तांब्याच्या वायरीची गोष्ट वेगळी. शॉर्टने वितळली तर टोकाला गोल, गुळगुळीत मणी होतो आणि लगतची तार शाबूत राहते. बाहेरच्या आगीने वितळली तर ओघळ वेडेवाकडे येतात. पण मणी सापडला म्हणजे आग तिथूनच लागली असे नव्हे. त्या वेळी वायरीत वीज होती एवढेच त्यावरून कळते. म्हणून सबस्टेशनच्या नोंदवहीत फीडर किती वाजता ट्रिप झाला ते पाहून आगीच्या वेळेशी ताळा घालतात.

७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियात किल्मोर ईस्ट येथे तार तुटून वणवा पेटला, ११९ माणसे गेली. तुटलेले टोक तपासल्यावर चौकशी आयोगाला दिसले की तार टोकाच्या जोडापाशी झिजून तुटली, कारण जोड नीट बसवलेला नव्हता. तुकडा हाती होता म्हणूनच हे कळले.

हेच शास्त्र शेतकऱ्याच्या विरोधातही जाते. गोंडपिपरीसारख्या जंगलालगतच्या भागात रानडुकरांचा त्रास मोठा, म्हणून काहीजण आकडा टाकून कुंपणात वीज सोडतात. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, 'श्रीनिवास' नावाचा वाघ असाच मेला. विजेच्या चोरीला कलम १३५ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आहे, वन्यजीव कायदा वेगळा, आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. सौर कुंपणात क्षणभराचा झटका बसतो, सलग प्रवाह नसतो. तेच वापरावे.

कंपनीचीही सुटका सोपी नाही. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मध्य प्रदेश विद्युत मंडळ म्हणाले की दुसऱ्याने आकडा टाकला होता, म्हणून तार रस्त्यावर पडली. सायकलवरून जाणारा एक माणूस तीत गेला होता. असली धोक्याची वस्तू जो चालवतो त्यानेच भरपाई द्यावी, असे कोर्टाने ठरवले.

आता अडचण अशी की जळीत ऊस थांबत नाही. वजन व उतारा दोन्ही घटतात. म्हणून घाईत पुरावा तोडून टाकू नये. असे करावे :

१) आधी वीज बंद करवून घ्यावी. पडलेल्या तारेला कोणी हात लावू नये.

२) आग लागल्याची वेळ व प्रथम कोठे दिसली ते लगेच लिहून ठेवावे.

३) तारा, खांब, डीपी व जळालेल्या फडाचे फोटो घ्यावेत.

४) वीज कंपनी, पोलीस, तलाठी, विद्युत निरीक्षक व आपले गट ऑफिस यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

५) पंचनामा झाल्यावरच टोळी लावावी. तारेखालचा थोडा तुकडा निरीक्षक येईपर्यंत तसाच राखावा.

६) तारेचा तुकडा स्वतः उचलून घरी नेऊ नये, पंचांसमोरच ताब्यात घेतला जावा.

झोळ पडलेल्या तारांची तक्रार आग लागण्याआधीच लेखी द्यावी. त्या अर्जाची पोच पुढे कोर्टात उपयोगी पडते.

— ऊस विकास अधिकारी