कुत्र्याची खाज : लूत की ॲलर्जी?

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्यांच्या आजारावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर साधे आहे. रे रोडसारख्या भागात दवाखाना चालवताना दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतोच, "डॉक्टर, आमचा कुत्रा रात्रभर खाजवतो, मुलांना काही होणार नाही ना?" प्रश्न कुत्र्याचा असला तरी काळजी घराची असते. तो प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या वाड्यांवर आणि खळ्यांवरही तितकाच खरा आहे. म्हणून आज थोडे त्याविषयी.

एक गोष्ट आधीच सांगतो. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. त्यामुळे या लेखात औषधांचे प्रमाण सापडणार नाही. नेमके काय पाहावे, काय करावे आणि कोणते उपद्व्याप टाळावेत, एवढेच मी सांगणार आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपण ज्याला 'वावडे' म्हणतो तीच ही ॲलर्जी. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि तिच्यावर तुटून पडते. या लढाईत नुकसान होते ते शरीराचेच. माणसाला बहुधा शिंका येतात, नाक वाहते, दम लागतो. कुत्र्याची ॲलर्जी मात्र मुख्यतः कातडीवर दिसते. तो खाजवतो, चाटतो, चावतो, अंग भिंतीला घासतो.

या विषयाच्या इतिहासातही एक कुत्रा आहे. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री प्राण्यांच्या विषावर काम करत होते. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला त्यांनी त्या विषाची अल्प मात्रा टोचली. त्याला फारसे काही झाले नाही. बावीस दिवसांनी पुन्हा तशीच अल्प मात्रा दिली आणि तो पंचवीस मिनिटांत मेला. पहिल्या वेळी शरीर सावध झाले होते आणि ती सावधगिरीच दुसऱ्या वेळी प्राणघातक ठरली. १९०२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी रूढ केला. "इतके दिवस तर काही होत नव्हते, मग आताच कशी ॲलर्जी आली?" असे लोक विचारतात. त्याचे उत्तर याच प्रयोगात आहे. ॲलर्जी ओळखीतूनच निर्माण होते. वर्षानुवर्षे खाल्लेल्या अन्नाचेही वावडे येऊ शकते.

दारूखान्यातला मोती

रे रोड स्टेशन १९१० सालचे. त्याच्या पूर्वेला दारूखाना. जहाजे तोडण्याचा, भंगाराचा आणि लाकडाचा धंदा इथे वर्षानुवर्षे चालत आला आहे. जवळजवळ प्रत्येक गोदामाला एक रखवालदार आणि त्याच्या सोबतीला एक कुत्रा.

असेच एक साताऱ्याकडचे रखवालदार काका माझ्याकडे आले ते स्वतःच्या पायांची तक्रार घेऊन. दोन्ही घोट्यांभोवती लाल, खाजरे पुरळ. घोट्याच्या वर फारसे काही नाही. मी विचारले, "काका, कुत्रा आहे का जवळ?" ते म्हणाले, "आहे की. पण आता नाही ठेवत. त्याला लूत लागलीये. शेटजी म्हणाले, ट्रकमध्ये घालून लांब सोडून ये."

मोती सहा वर्षांपासून त्यांच्यासोबत होता. दोन महिन्यांत शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंतचे त्याचे केस गेले होते. कोणीतरी सांगितले म्हणून काकांनी त्याला ट्रकचे जळके तेल चोळले होते. त्याने कातडी अधिकच सोलवटली. जवळच्या चाळीतली माणसे मुलांना त्याच्याजवळ जाऊ देईनात.

घोट्यांवरचे पुरळ पिसवांच्या चाव्यांचे होते. पिसवा जमिनीवरून उडी मारतात, त्यामुळे माणसाला त्या बहुधा गुडघ्याच्या खालीच चावतात. मी काकांना औषध दिले आणि सांगितले, "सोडायचे ते नंतर बघा. आधी त्याला परळला बैलघोडा हॉस्पिटलात न्या."

बैलघोडा हॉस्पिटल म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते मुंबईच्या मुक्या जनावरांची सेवा करत आले आहे. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. तिथे मोतीची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लुतीचे किडे सापडले नाहीत. केसांत मात्र पिसवांची काळी विष्ठा सापडली. निदान झाले : पिसवांच्या लाळेची ॲलर्जी. हा आजार एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही. पिसवा मात्र सर्वांना चावतात.

पिसवांवर औषध झाले, जखमांवर उपचार झाले, गोदाम झाडून धुऊन घेतले. दोनअडीच महिन्यांत केस परत आले. पावसाळ्यात थोडी खाज अजूनही येते, पण मोती गोदामातच आहे. हा कुत्रा औषधाअभावी घर गमावत नव्हता. 'लूत' या एका शब्दामुळे गमावत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खाज कुठे आहे ते आधी पाहा

कुत्र्याला बोलता येत नाही, पण खाजेची जागा पुष्कळ सांगून जाते.

पिसवांची ॲलर्जी : शेपटीचे मूळ, कंबर, मांड्यांची मागची बाजू. अशा कुत्र्याला थोडे चावेही पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसलीच पाहिजे असे नाही. एक सोपी परीक्षा आहे. बारीक फणीने केस विंचरा आणि जो काळा भुगा पडेल तो ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. साधी धूळ असेल तर रंग सुटत नाही.

वातावरणातली ॲलर्जी : धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी यांची. पंजे, तोंड, कान, काखा आणि पोट येथे खाज येते. कुत्रा सतत पंजे चाटतो आणि लाळेमुळे तिथले केस तांबूस होतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात हिची सुरुवात होते.

अन्नाची ॲलर्जी : जागा साधारण वरच्यासारख्याच, शिवाय गुदद्वाराभोवती खाज आणि वारंवार कान येणे. ऋतू कोणताही असो, खाज बारा महिने राहते. काहींना जुलाब किंवा ओकाऱ्याही होतात.

पावसाळ्यात दमट हवेमुळे खाजवलेल्या कातडीवर जंतू आणि बुरशी वाढतात. कुबट वास येतो, कातडी तेलकट व काळपट होते. मग ॲलर्जीवर कितीही औषध दिले तरी, हा दुसरा आजार बरा झाल्याशिवाय खाज थांबत नाही.

मग लूत कशी ओळखायची?

संसर्गजन्य लुतीत कानांच्या कडा, कोपरे आणि पोट यांवर खपल्या धरतात. खाज भयंकर असते, आणि कुत्र्याला जवळ घेणाऱ्या माणसांच्या हातांवर व पोटावरही खाजरे फोड येतात. गजकर्णात गोल चट्टे पडून केस तुटतात, आणि ते मुलांना सहज लागते. हे दोन्ही आजार बरे होतात. पण नुसत्या डोळ्यांनी निदान करू नये. कातडी खरवडून तपासणे हाच खरा मार्ग. घरातल्या माणसांना पुरळ असेल तर ते पशुवैद्यकाला सांगा आणि घरात कुत्रा आहे हे तुमच्या डॉक्टरला सांगा. दोघांनाही निदान करणे सोपे जाते.

पिसवा मारायच्या तर घरही धुवा

अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्केच असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत कुत्र्याच्या बसण्याच्या जागेत, फटींत आणि गोणपाटात असतात. कोशातली पिसू काही महिने तग धरते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. त्याचे अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. फटी झाडून कचरा लांब टाका. घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करा आणि ते किमान तीन महिने चालू ठेवा.

आता मानेवर टाकायचे थेंब आणि महिना ते तीन महिने पुरणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या पशुवैद्यकाने वजन पाहून द्याव्यात. कुत्र्याला फिट येत असतील तर ते आवर्जून सांगावे, कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यातल्या काही औषधांनी मांजर मरते.

पथ्याची परीक्षा

अन्नाचे वावडे शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पथ्य. गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे कुत्र्यांतले नेहमीचे आरोपी. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले एकच मांस किंवा मासा आणि त्याबरोबर भात किंवा बटाटा, एवढेच निदान आठ आठवडे द्यायचे. या काळात बिस्किट नाही, दूध-पोळी नाही, हाड नाही, प्रसादाचा पेढासुद्धा नाही. घरातला एक जण जरी चोरून बिस्किट देत असेल तरी परीक्षा फुकट जाते. आठ आठवड्यांत खाज कमी झाली, की जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहायचे. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर निदान पक्के. असे घरचे पथ्य कायम ठेवायचे असेल तर कॅल्शियम वगैरेची भर घालावी लागते. तेही पशुवैद्यकाला विचारूनच.

हे करू नका

१. जळके तेल, रॉकेल, फिनेल अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि कुत्रा चाटून ते विष पोटात घेतो.

२. माणसांचा साबण व शाम्पू वापरू नका. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. कुत्र्यांच्या शाम्पूने, थंड किंवा कोमट पाण्याने अंघोळ घाला. फेस दहा मिनिटे राहू द्या, नीट धुवा, आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा.

३. घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याचे यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत खाजेच्या औषधाबरोबर नाक मोकळे करणारे औषधही असते. ते कुत्र्याला घातक आहे.

४. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने देऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोक भुलतात. पण मूळ आजार लूत असेल तर ती वाढते. दीर्घकाळ दिल्यास तहान व लघवी वाढते, पोट सुटते, कातडी पातळ होते. पशुवैद्यकाने ठरवून, थोड्या दिवसांसाठी दिले तर तेच औषध उपकारक ठरते.

ताबडतोब केव्हा न्यावे?

मधमाशी चावल्यावर, लस किंवा नवे औषध दिल्यावर तोंड सुजले, श्वासाला त्रास झाला, ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा कुत्रा कोसळला, तर थांबू नये. ही नेपच्यूनला झाली तशी तीव्र प्रतिक्रिया असू शकते. इथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

आणखी एक. खाजेने हैराण झालेला कुत्रा जखमेला हात लावताच चावू शकतो, मग तो कितीही माणसाळलेला असो. चावला किंवा नखाने ओरखडले, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मिळते. कुत्र्यालाही दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

शेवटी थोडेसे

वातावरणातल्या वस्तूंची ॲलर्जी मुळापासून बहुधा जात नाही, पण ती आटोक्यात राहते. आपण मधुमेह किंवा दमा सांभाळतो तशीच ती सांभाळावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या : खाज केव्हापासून आहे, अंगावर कुठे आहे, कोणत्या ऋतूत वाढते, कुत्रा काय काय खातो, आणि आतापर्यंत काय लावले किंवा दिले. जळके तेल लावले असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. या पाच ओळींनी अर्धे निदान होते.

आणि तुमच्या आळीत कोणी खाजवणाऱ्या कुत्र्याला 'लूत लागलेला' म्हणून हाकलत असेल, तर त्याला एवढेच सांगा : आधी तपासून घ्या, मग ठरवा.