दुग्धफेनी : ओळख, उपयोग व लागवड

यकृत् व मूत्राच्या विकारांवरील तयार औषधांच्या वेष्टनावर 'डँडेलियन' हे नाव अलीकडे वारंवार दिसते. रुग्णही त्याविषयी विचारणा करतात. ही वनस्पती महाराष्ट्राच्या पठारावरची नसल्याने तिच्या नावाने दुसरेच द्रव्य हाती पडण्याचा संभव मोठा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तिची ओळख, उपयोग, निषेध व लागवड यांचा संक्षेपाने विचार करीत आहोत.

नाव व आढळ

वनस्पतिशास्त्रातील नाव टॅरॅक्सॅकम ऑफिसिनेल, कुल सूर्यफुलाचे. भारतात ती काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील थंड डोंगराळ भागांत कुरणांत, बांधांवर व वाटांच्या कडेला आपोआप उगवते. काश्मिरात तिला 'हंद' म्हणतात. तेथे तिची भाजी करतात व ती बाळंतिणीसही देतात. निघंटूंतील दुग्धफेनी हे नाव आज तिला दिले जाते. परंतु चीक असणाऱ्या वनस्पती अनेक असल्याने केवळ नावावरून द्रव्यनिश्चिती करू नये.

ओळख

सर्व पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. मधून निघणारा फुलाचा दांडा पोकळ, पर्णहीन व शाखाहीन असून त्याच्या टोकाला एकच पिवळे फूल येते. आपल्याकडील पाथरीला व म्हाताऱ्यालाही पिवळी फुले व पांढरा चीक असतो. मात्र त्यांचा पुष्पधारक भाग शाखायुक्त असून त्यावर अनेक फुले येतात. हा एक भेद लक्षात ठेवला तरी ताज्या वनस्पतीत गफलत होणार नाही.

वाळलेले मूळ बाहेरून तपकिरी व सुरकुतलेले असते. ते मोडून भिंगाखाली पाहिल्यास पांढरट रुंद सालीत चिकाच्या नलिकांची एकात एक अशी तपकिरी वर्तुळे व मध्यभागी पिवळसर काष्ठ दिसते. कासनीच्या मुळात या नलिका वर्तुळाकार नसून अरीय रेषांत असतात. दुग्धफेनीच्या मुळात पिष्ट नसते, इन्युलिन असते. म्हणून चूर्णावर आयोडीनचा थेंब टाकल्यास निळा रंग येत नाही. निळा रंग आल्यास पिष्टयुक्त भेसळीचा संशय घ्यावा.

उपयोग

मूळ तिक्त, अग्निदीपक व पित्तस्राव वाढविणारे आहे. जर्मनीच्या 'कमिशन ई'ने अरुची, अपचन व पित्तस्रावातील बिघाड यांत तिचा उपयोग मान्य केला आहे. पाने मूत्रल असून त्यांत पोटॅशियम विपुल असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात १७ निरोगी व्यक्तींना एक दिवस पानांचा अर्क दिला असता मूत्रप्रवृत्तीची वारंवारता वाढल्याचे आढळले. एवढ्या लहान अभ्यासावरून शोथरोगात मोठे दावे करणे योग्य नव्हे.

निषेध

चरकसंहितेच्या पांडुरोगचिकित्सेत कफाने मार्ग रुद्ध झालेल्या कामलेत मल तिळाच्या पेंडीसारखा होतो असे वर्णन आहे. असा मल दिसताच पित्तनलिकेतील अवरोधाचा विचार करून प्रथम सोनोग्राफी करून घ्यावी. अवरोध असताना पित्तस्राव वाढविणारे द्रव्य देणे घातक ठरू शकते. 'यकृताचे औषध' म्हणून प्रत्येक कामलेत तिची योजना करू नये. पित्ताश्मरीतही तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून देऊ नये. वृक्कविकाराच्या रुग्णांत, तसेच पोटॅशियम राखून ठेवणारी मूत्रल औषधे, लिथियम किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांत विशेष सावधगिरी बाळगावी. या कुलातील वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांस देऊ नये.

लागवड व संग्रह

जमीन खोल, भुसभुशीत व निचऱ्याची असावी, म्हणजे सोटमूळ सरळ वाढते. बियांस उगवणीसाठी प्रकाश लागतो. त्या वरवर पेरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा. रोपांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर राखावे. बी धरण्यापूर्वी फुले खुडावीत, अन्यथा वाऱ्याने बी पसरून ती तण बनते. मूळ दुसऱ्या वर्षी शरदात काढावे. त्या वेळी त्यात इन्युलिन सर्वाधिक असते. वसंतातील मूळ अधिक कडू असते. आपल्या पठारावर हिवाळ्यात पालेभाजीपुरती लागवड करून पाहता येईल. मुळांसाठी मात्र थंड डोंगराळ प्रदेशच योग्य.

जाड मुळे उभी चिरून सावलीत वाळवावीत. वाळताना वजन सुमारे तीन-चतुर्थांश घटते, हे भाव ठरविताना ध्यानात घ्यावे. वाळलेले मूळ ओलावा ओढते, त्यास बुरशी व कीड लवकर लागते. म्हणून हवाबंद डब्यांत ठेवावे.

औषधनिर्मात्यांस सूचना

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधातील घटक पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांतील योगांत उल्लेखिलेले असावे लागतात. हा आधार तपासल्यावाचून तिचा योगात समावेश करू नये. खरेदी चूर्णरूपात न करता अखंड मुळांची करावी. चूर्ण झाल्यावर वरील वर्तुळे दिसत नाहीत आणि परीक्षेचे सर्वांत सोपे साधन हातचे जाते. प्रत्येक खेपेचा नमुना नोंदीसह जपून ठेवावा, अशी आमची वैद्य व औषधनिर्माते या दोहोंस विनंती आहे.