समजीविता : स्वयंपाकघरातील धम्म

कोलियपुत्र दीघजाणू याने भगवान बुद्धांना विनंती केली की, आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसे आहोत; आमच्या हिताचा धम्म सांगावा. अंगुत्तर निकायातील या सुत्तात तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आवक ओळखून खर्च करणे. त्यात उधळपट्टी नाही, तसा चिक्कूपणाही नाही. मुलांचे दूध तोडून केलेली बचत ही समजीविता नव्हे.

हा धम्म रोज आचरण्याची जागा म्हणजे आपले स्वयंपाकघर. वाटीभर मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी चौघांची उसळ होते. डाळ भिजवून शिजवली तर गॅस वाचतो. तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला घालावे. चाळीच्या गॅलरीतही जुन्या बादलीला तळाशी भोके पाडून मेथी पेरता येते. साधारण महिन्याभरात ती खुडायला येते. मात्र हा भार एकट्या गृहिणीवर नसावा. पुरुषांनी भाजी निवडावी, मुलांनी पाणी घालावे.

यातून वाचणारे रुपये थोडेच असतात, हे आम्ही जाणतो. पण ते खात्यात वेगळे टाकले तर जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी सावकाराची पायरी चढावी लागत नाही. सिगालोवाद सुत्तातही मिळकतीचा चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे. विद्यार्थी मित्रांनो, ज्या घरात कर्ज नाही, त्या घरातील मुलाला शाळा सोडून कामावर जाण्याची पाळी सहसा येत नाही. म्हणूनच काटकसर हा आमच्या दृष्टीने शिक्षणाचाच एक भाग आहे.