तीळ की कर्करोग?

अंगावरील तीळ बहुधा निरुपद्रवी असतो. आकाराने वाटोळा, रंगाने एकसारखा, वर्षानुवर्षे तसाच. परंतु ज्याच्या दोन बाजू विषम, कडा वेड्यावाकड्या, रंग मिश्र, रुंदी ६ मिलिमीटरांहून अधिक आणि मुख्य म्हणजे रूप पालटते, तो डाग ‘मेलॅनोमा’ हा कर्करोग असू शकतो. सावळ्या माणसांत तो विशेषतः तळपायावर किंवा नखाखाली उद्भवतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटावरील असा डाग आरंभी खेळातील इजा वाटला. १९७७ साली निदान झाले. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ते निवर्तले. वेळीच काढल्यास हा रोग बहुधा बरा होतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे तळवे महिन्यातून एकदा उजेडात पाहावेत. बदल दिसताच चुना न लावता डॉक्टरांना दाखवावे.